चाळिशीत दहावी: आधी दाखला, मग चष्मा, मग गणित

प्रश्न असा आला आहे: "मी ४१ वर्षांची. कराडजवळच्या गावात आठवी पास झाले आणि शाळा सुटली. आता नालासोपाऱ्यात राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका व्हायचं तर बारावी लागते म्हणतात, माझी दहावीच नाही. कुणी म्हणतं सतरा नंबरचा फॉर्म भर, कुणी म्हणतं ओपन स्कूल सोपं. एक क्लासवाला पंधरा हजारांत दहावी काढून देतो म्हणाला. दाखल्यावर माहेरचं नाव आहे. गणित आणि इंग्रजी पार विसरले. या वयात जमेल का?"

ताई, 'जमेल का' हे मी शेवटी सांगेन, कारण ते गणितावर कमी आणि एका कागदावर जास्त अवलंबून आहे. मी मुंबईत रात्रशाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या वर्गात हॉटेलात भांडी घासणारी पोरं होती, वॉचमन होते, धुणीभांडी करून थेट वर्गात येणाऱ्या बाया होत्या. त्याशिवाय दर जुलैमध्ये सतरा नंबरचे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचे फॉर्म भरायला लोक माझ्याकडे यायचे, निवृत्तीनंतरही येतात. त्यांच्यातले जे मधेच गळाले, त्यांचा हिशोब मी कधीतरी मनाशी मांडला, तेव्हा माझाच अंदाज चुकलेला निघाला. मला वाटायचं गणित माणसं खातं. तसं नव्हतं. कुणाचा दाखला वेळेत मिळाला नाही, कुणी संपर्क केंद्रावर, म्हणजे फॉर्म भरताना निवडलेल्या शाळेत, फिरकलंच नाही, आणि बरेचसे परीक्षेला बसले पण पेपर अर्धा सोडून आले, कारण हात चालला नाही. उत्तर येत होतं, लिहून झालं नाही.

म्हणून आधी दाखला.

सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तुमच्याकडे तो असेल तर पिशवीत घालून कपाटात ठेवा आणि लॅमिनेशन अजिबात करू नका. हरवला असेल तर गावच्या शाळेतून दुय्यम प्रत काढायची, सोबत प्रतिज्ञापत्र द्यायचं. घाबरायचं कारण नाही, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद असतेच, ती कितीही वर्षांनी सापडते. शाळा बंद पडली असेल किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, रजिस्टर कुठे गेलं ते तिथे कळतं. फक्त हे काम मे महिन्यात करायला जाऊ नका. सुट्टीत शाळेला कुलूप असतं, नालासोपारा ते कराड जाणंयेणं फुकट जाईल. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जा, आणि निघण्याआधी मुख्याध्यापकांना फोन करा.

दाखल्यावरच्या नावाबद्दल. फॉर्ममध्ये नाव दाखल्याप्रमाणेच भरायचं, म्हणजे माहेरचं. बायका इथे हमखास चुकतात. आधारवर सासरचं नाव, म्हणून फॉर्मवरही तेच लिहितात, मग अर्ज अडकतो किंवा, त्याहून वाईट, पुढे दहावीचं प्रमाणपत्र एका नावाने आणि दाखला दुसऱ्या नावाने असा गुंता होतो. दहावी माहेरच्या नावाने होऊ द्या. पुढे नोकरीच्या कागदात दोन नावं जोडायला विवाह नोंदणीचा दाखला असतो, नाहीतर राजपत्रात नावबदल करता येतो. उलटं करायला गेलात तर शाळेचं रजिस्टर बदलायच्या मागे लागावं लागेल, आणि त्यात दोन वर्षं सहज जातात.

जन्मतारखेचंही बघून घ्या. आपल्या पिढीत गुरुजींनी घातलेली '१ जून' घरोघरी आहे. माझ्या एका वर्गात सत्तावीस जणांतले नऊ जण एक जूनला जन्मलेले होते, आम्ही सामूहिक वाढदिवस करायचो. दाखल्यावर एक जून आणि आधारवर वेगळीच तारीख असेल, तर आधार दुरुस्त करून घ्या. दाखल्याला हात लावू नका.

आता कुठल्या रस्त्याने जायचं ते. महाराष्ट्रात मोठ्या माणसाला दहावी करायचे खरे रस्ते तीन.

पहिला म्हणजे रात्रशाळा. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरते, तीन तास चालते. तुम्ही नियमित विद्यार्थी असता, हजेरी लागते, शिक्षक असतात. इतर दोन रस्त्यांवर जे विकत घ्यावं लागतं ते इथे बसल्या जागी मिळतं. मुंबईत आणि पुण्यात अजून रात्रशाळा आहेत, पुण्यात बाजीराव रोडवरचं पूना नाईट हायस्कूल जुनं आहे. मुंबईत 'मासूम' ही संस्था २००८ पासून रात्रशाळांना वह्या-पुस्तकं, संध्याकाळचा खाऊ, विज्ञानाची फिरती प्रयोगशाळा अशी मदत करते. माझं मन साहजिकच इकडे झुकतं, पण तुमच्यापुरतं बोलायचं तर नालासोपाऱ्याहून मुंबईतल्या रात्रशाळेत रोज संध्याकाळच्या गर्दीत उलटसुलट लोकल करायची आणि अकरा वाजता घरी यायचं, हे दिवाळीपर्यंतही टिकणार नाही. घराजवळ चालत जाण्याच्या अंतरावर रात्रशाळा असेल तरच हा विचार करा. असेल, तर पुढचं सगळं विसरा आणि तिथेच नाव घाला.

दुसरा रस्ता म्हणजे सतरा नंबर. 'बाहेरून बसणं' म्हणतात ते हेच. परीक्षा महाराष्ट्र राज्य मंडळाची, पेपर तोच, दिवस तोच, प्रमाणपत्रही तेच. शाळेत न जाता तुम्ही खासगी विद्यार्थी म्हणून बसता. फॉर्म ऑनलाइन भरायचा, साधारण जुलैनंतर, आणि परीक्षा पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळ्यात फॉर्मची मुदत येते आणि जाते. लोक जानेवारीत माझ्याकडे येतात, "सर, मार्चला बसायचंय." तेव्हा पुढच्या वर्षाचं बोलण्याशिवाय काही उरत नाही. फॉर्म भरताना जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, कागद तिथे द्यायचे. त्या संपर्क केंद्राबद्दल खाली सविस्तर सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

एक बारीक गोष्ट: सतरा नंबर हा शाळा सुटलेल्यांसाठी आहे. जे पूर्वी दहावीला बसून नापास झाले, त्यांनी हा फॉर्म भरायचा नसतो. त्यांनी जुनी गुणपत्रिका घेऊन आपल्या जुन्या शाळेत जाऊन पुनर्परीक्षार्थी म्हणून बसायचं. तुम्हाला हे लागू नाही, तुमच्या शेजारणीला लागू असेल म्हणून सांगितलं.

तिसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. लोक याला नुसतं ओपन स्कूल म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ साली नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये आताचं नाव मिळालं. "महाराष्ट्रात चालत नाही" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं आहे, चालतं. इथे पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा, आणि गणित सक्तीचं नाही. गृहविज्ञान, व्यवसाय अध्ययन, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय आहेत. वर्षातून दोनदा परीक्षा असते, एप्रिलच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुमारास. पाच वर्षं नोंदणी चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. यावेळी दोन विषय, पुढच्या वेळी एक, असं करत गेलं तरी चालतं. उत्तीर्णतेला ३३ टक्के लागतात, राज्य मंडळाला ३५. आणखी एक सोय फार मोलाची आहे: आठवीचा कागद नसेल, तर 'हा अभ्यासक्रम करण्याइतकं माझं शिक्षण झालं आहे' असं स्वतःचं लेखी निवेदन त्यांना चालतं. ज्यांची शाळा, गाव, रजिस्टर सगळं कोयनेच्या पाण्याखाली गेलं अशा घरातल्या दोन बायकांची दहावी मी याच वाटेने झालेली पाहिली आहे.

मग सोपं कुठलं? हा प्रश्नच मला आवडत नाही. दहावी कशाला हवी आहे, ते आधी ठरवा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचं असेल तर दहावीला गणित आणि विज्ञान असावंच लागतं. गणित सोडून एनआयओएस केलेला पोरगा तिथे दारातून परत येतो. रत्नागिरीचा एक गवंडी माझ्याकडे आला होता, त्याला आखातात जायचं होतं. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' पडतं, म्हणजे आखातातल्या देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी झाली की ती कटकट जाते. त्याला गणिताचं काहीच नडलेलं नव्हतं, त्याने मराठी, हिंदी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि व्यवसाय अध्ययन घेतलं आणि दोन वर्षांत सुटला. गृहविज्ञान घेतलं म्हणून बिऱ्हाडातले लोक हसले. पासपोर्ट पाहून हसले नाहीत. ट्रक-टेम्पोचं लायसन हवं म्हणून आठवी-दहावीच्या मागे लागलेले ड्रायव्हरही पूर्वी यायचे, आता ती आठवीची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी करू नका असं मी त्यांना सांगतो.

तुमचं काम वेगळं आहे. अंगणवाडी सेविकेला बारावी लागते हे तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे, २०२३ पासून अट तीच आहे. म्हणजे तुमची दहावी ही मधली पायरी आहे. दहावी आणि बारावी यांच्यामध्ये दोन वर्षांचं अंतर ठेवावं लागतं, मग ते सतरा नंबरने करा की एनआयओएसने. एक वर्ष दहावीला आणि दोन वर्षं बारावीला धरून तुम्ही चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या असाल. फॉर्म भरण्याआधी तुमच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि मदतनीसची सेविका होण्यासाठी त्या वेळी तुमचं वय आणि नोकरीची वर्षं बसतात का ते विचारा. नुसतं तोंडी विचारू नका, एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. मी हे मुद्दाम सांगतो. तीन वर्षं अभ्यास करून मग नियम कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

या सगळ्याचा विचार करून तुमच्या जागी मी असतो तर सतरा नंबर घेतला असता. गणित असूनही. कारण पुस्तकाचं आहे. राज्य मंडळाची मराठी माध्यमाची पुस्तकं, अपेक्षित प्रश्नसंच, जुन्या प्रश्नपत्रिका, शिकवणीवाले, शेजारचा दहावीतला मुलगा हे सगळं तुमच्या गल्लीत आहे. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. एनआयओएसला मराठी माध्यम आहे, पण मराठीतून शिकवणारं माणूस शोधायला गेलात तर दमछाक होते, बहुतेक केंद्रांवर हिंदी-इंग्रजीचा कारभार. एकट्याने पुस्तक वाचून समजण्याची सवय असेल त्याला एनआयओएस उत्तम. वीस-पंचवीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला विचारायला माणूस लागतं. पण सहा महिने खटपट करूनही गणित अंगावरच येत असेल, तर मन घट्ट करून एनआयओएसकडे वळा. त्यात कमीपणा नाही.

तो पंधरा हजारवाला. 'दहावी काढून देतो' यातला 'काढून' हा शब्द ऐकलात ना? रेशनकार्ड काढून देतात, दहावी काढून देत नाहीत. यात दोन प्रकारचे लोक असतात. एक, जे साधा सतरा नंबरचा किंवा एनआयओएसचाच फॉर्म भरतात आणि त्याचे दहापट पैसे घेतात. हे लुटतात, पण प्रमाणपत्र तरी खरं असतं. दुसरे, जे दिल्लीच्या वाटणाऱ्या भारदस्त नावाच्या कुठल्यातरी 'बोर्डा'ची गुणपत्रिका हातात देतात. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोठ्या भावाने अशी गुणपत्रिका घेतली होती, फर्स्ट क्लासची. सिक्युरिटीची नोकरी लागली, दीड वर्ष केली, मग कंपनीने पडताळणीला पाठवली आणि एका दुपारी त्याला गेटवरूनच घरी पाठवलं. पैसे गेले ते गेलेच, वर बनावट कागद दिल्याचा बट्टा लागला. कुठलंही नवं बोर्ड ऐकलंत तर देशातल्या मान्य शिक्षण मंडळांच्या यादीत ते आहे का हे कुठल्याही शाळेच्या मुख्याध्यापकांकडून पाहून घ्या. पण तुम्हाला खरं तर त्या यादीचीही गरज नाही. परीक्षेला न बसता, किंवा पास होण्याची हमी देऊन जे मिळतं, ते घ्यायचं नाही.

आणखी एक फसवा रस्ता, आणि हा फसवणाऱ्या लोकांचा नाही म्हणून जास्त फसवतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम होता, त्यावरून बारावी न होता थेट बीएला जाता यायचं. हजारो लोकांनी केलं, त्यातल्या कित्येकांचं भलंही झालं. पण पूर्वतयारी म्हणजे दहावी-बारावी नव्हे. जिथे 'बारावी उत्तीर्ण' अशी अट आहे तिथे बीएचा कागद दाखवून भागत नाही. वकिलीला जाणाऱ्यांनाही हे नडतं, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत खालचं शिक्षण न करता मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी चालत नाही. तुमची अटच बारावीची आहे, तेव्हा ओळीने दहावी, बारावी असंच जा.

आता संपर्क केंद्र. राज्य मंडळाचा बहुतेक विषय शंभर गुणांचा असतो, त्यातले ८० लेखी आणि २० अंतर्गत, म्हणजे तोंडी, स्वाध्याय, विज्ञानाचं प्रात्यक्षिक वगैरे. हे वीस गुण संपर्क केंद्राची शाळा देते. त्यासाठी ठरलेल्या दिवशी तिथे जाऊन तोंडी द्यावी लागते, वही दाखवावी लागते, प्रयोग करावे लागतात. लोकांना वाटतं 'बाहेरून' म्हणजे थेट मार्चला. शाळाही प्रत्येक वेळी फोन करून बोलावेल असं नाही. मग त्या वीसपैकी शून्य येतं आणि ८० पैकी ३५ लेखीतूनच काढावे लागतात. हे वीस गुण काय चीज आहे ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले होते. आदल्या वर्षी ८९ टक्क्यांच्या वर असलेला निकाल ७७.१० वर आला. रोज शाळेत जाणाऱ्या पोरांची ही गत. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले. तेव्हा फॉर्म भरलात की संपर्क केंद्राच्या कारकुनाशी आणि वर्गशिक्षिकेशी ओळख करून घ्या, दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा. मोठं माणूस स्वतःहून आलेलं पाहिलं की शिक्षक मनापासून मदत करतात. मीही करायचो.

मग चष्मा. हे विनोद म्हणून सांगत नाही. जवळच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते उगाच नाही. माझ्या वर्गात पंचेचाळीस वर्षांची एक बाई होती, भाजीचा धंदा करायची, हिशोबाला पक्की. पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोकं दुखायचं आणि ती म्हणायची, "आमच्या डोक्यात आता काय शिरत न्हाय सर." मी तिला नळाच्या टाकीसमोरच्या चष्म्याच्या दुकानात पाठवलं. दीड नंबर निघाला. डोक्यात शिरत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. अभ्यास सुरू करायच्या आधी डोळे तपासा.

आणि हात. आज रात्री घड्याळ लावून वर्तमानपत्रातला उतारा वीस मिनिटं उतरवून काढा. एक पान व्हायला पंधरा मिनिटं लागत असतील आणि मनगट भरून येत असेल, तर तुम्हाला आधी अभ्यासाची नाही, लिहिण्याची सवय लावायची आहे. ८० गुणांचा पेपर तीन तासांचा असतो, त्यात दहा-बारा पानं तरी लिहायची असतात. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात, पण थांबलेला हात दहा मिनिटांत काय करणार? पहिला दीड महिना मी मोठ्या विद्यार्थ्यांना काहीच शिकवायचो नाही. रोज दोन पानं शुद्धलेखन, बस. लहान मुलासारखं वाटतं, लाज वाटते, घरची पोरं चिडवतात. तरी करा. वहीच्या रेघा रुंद घ्या, पेन जाड घ्या. पोळ्या लाटून, फरशी पुसून बोटं ताठरतात, बारीक पेन त्यात टिकत नाही.

पुस्तकं घेताना एक चूक टाळा. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाची पुस्तकं उचलून आणू नका. मराठी माध्यमाला मराठी पहिली भाषा आहे, तिचं पुस्तक कुमारभारती. इंग्रजी तुम्हाला तिसरी भाषा म्हणून आहे, ते पुस्तक बरंच सोपं असतं. इंग्रजी माध्यमाचं इंग्रजी वेगळंच, ते बघूनच अर्धे लोक पळतात. हिंदी पूर्ण घ्या. संस्कृतसोबत संयुक्त घेतलं की गुण जास्त पडतात असं शाळेतली पोरं सांगतील, त्यांना संस्कृतची आधीपासून सवय असते.

इंग्रजीत पत्र, उताऱ्यावरचे प्रश्न आणि दिलेल्या माहितीवरून लिहायचे छोटे परिच्छेद, एवढ्यावर जोर द्या. उताऱ्यात उत्तर समोर असतं, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं. हे कसब आहे, ते सरावाने येतं, त्याला इंग्रजी बोलता यावं लागत नाही. व्याकरणाच्या मागे लागून मोठी माणसं महिने घालवतात, मला ते पटत नाही.

आणि माझा विषय. गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी चाळीस गुणांचे. भाग एकमध्ये सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. पोरांना अर्थनियोजन नको असतं, त्यात जीएसटी आणि शेअर्स आहेत. मोठ्या माणसाला तेच सगळ्यांत आधी कळतं, कारण बिलावर सीजीएसटी, एसजीएसटी छापलेलं त्याने पाहिलेलं असतं. तिथून सुरुवात करा. श्रेढी म्हणजे भिशीच्या हप्त्यासारखं ठरलेल्या रकमेने वाढत जाणं. सांख्यिकीत मोठे तक्ते असतात पण पद्धत एकच, ती पाठ झाली की गुण पक्के. वर्गसमीकरणाला हात घालायच्या आधी मात्र तीन आठवडे पाढे, अपूर्णांक आणि वजाबाकीची चिन्हं यांना द्या. सव्वीस वर्षांत मोठ्यांचं गणित मी वर्गसमीकरणात अडलेलं क्वचित पाहिलं, 'वजा तीन वजा पाच' इथे अडलेलं रोज पाहिलं. हे मी उधारीवर शिकवायचो: तीनशे आधीच देणं आहे, वर आणखी पाचशे घेतले, आता देणं किती? कुणीही चुकायचं नाही.

भाग दोन म्हणजे भूमिती. त्यात समरूपता, पायथागोरस आणि भौमितिक रचना नीट करा. रचनेला कंपास आणि टोकदार पेन्सिल लागते, बुद्धी बेताची चालते. शिवणकाम येत असेल तर तुमचा हात त्यात पोरांपेक्षा साफ चालेल. वर्तुळाची प्रमेयं वेळ उरला तर. सगळं करायला जाऊ नका, शंभरपैकी पस्तीस हवेत आणि त्यातले काही संपर्क केंद्रातून येणार आहेत.

वेळेचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते विचारायला हवं होतं. अंगणवाडी दुपारी सुटते, म्हणजे दोन ते चार हा वेळ तुमचा. तो झोपेचा असतो हे मला माहीत आहे. रात्री स्वयंपाक उरकून दहाला पुस्तक घेणाऱ्या बाया मी पाहिल्या, पुस्तक छातीवर आणि बाई झोपलेली. दुपारीच बसा, घरी नाही, अंगणवाडीच्याच खोलीत, मुलं गेल्यावर. घरी बसलात की कुणीतरी चहा मागतं. घरच्यांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. कित्येक जणी निकाल लागेपर्यंत लपवतात. मी इतकंच बघितलंय की ज्यांच्या घरी माहीत होतं, त्यांना मार्चमधले ते दिवस तरी सुट्टी मिळाली.

एखाद-दुसरा विषय राहिला तर रडत बसू नका. जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते, तेव्हा राहिलेलेच विषय द्यायचे. निकाल लागल्यावर फॉर्मची मुदत फार थोडी असते, त्या आठवड्यात गावाला जाऊ नका.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी तुम्हाला फाटकावर अडवतील. "पालकांनी बाहेर थांबा." दरवर्षी कुणाला तरी अडवतात. हॉल तिकीट दाखवायचं आणि आत जायचं. बाकावर शेजारी पंधरा वर्षांची पोर असेल, ती तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेली असते. माझी ती भाजीवाली पहिल्या पेपरला शेजारच्या मुलीला धीर देत बसली, तिला खायला लिमलेटची गोळी दिली, आणि स्वतःचा हॉल तिकिटाचा नंबर उत्तरपत्रिकेवर लिहायचा विसरली. पर्यवेक्षिकेने लक्षात आणून दिला. तिला मराठीत ६१ पडले, गणितात ३८.

तर जमेल का? तुमची आठवी पास आहे, दुपार मोकळी आहे, नोकरीचं कारण पक्कं आहे. जमेल. उद्या गावच्या शाळेचा नंबर मिळवा. आणि दाखला हातात आला की लगेच एसटी धरू नका, तिथेच कार्यालयात उभं राहून वाचा: नाव, आडनावाची वेलांटी, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का. चूक असेल तर त्याच टेबलावर सांगा. आईचं नाव जुन्या दाखल्यांवर बहुधा नसतंच, फॉर्ममध्ये मात्र ते भरावं लागतं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर छापूनही येतं. आईचं नाव नीट विचारून घ्या, घरात हाक मारतात ते वेगळं आणि कागदावरचं वेगळं असू शकतं.